पन्नास चिंचोक्यांची कॉइल

आई,

तू भरलेली एक कॉइल माझ्याकडे आली आहे. एक म्हणजे खरं तर दोन, काडेपेटीहून जराशा मोठ्या पत्र्याच्या डबीत शेजारी शेजारी बसवलेल्या. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. तुझ्या हातचं म्हणून घरात आता एक क्रोशाचा रुमाल आणि लोणच्याच्या बरणीवरचं तुझ्या अक्षरातलं लेबल एवढंच उरलंय, तेव्हा ही कुठून उगवली असं तुलाही वाटेल. मलाही तेच वाटलं. पालीच्या कोळीवाड्यातून एक काका आले होते, सोबत त्यांची नात. काकांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेली इलेक्ट्रिक गिटार. खाऱ्या हवेनं तिचं लाकूड इतकं कुजलं होतं की स्क्रू बोटानं निघत होते. काका म्हणाले, "नवी बनव नातीला. सगलं नवीन घाल. पन ही येवरी ठेव," आणि तारांखालच्या त्या डबीवर बोट ठेवलं. मी डबी काढून उलटी केली. खाली पांढरी कापडी पट्टी, वर मेण, आणि टोकाला दोन वेढे देऊन आत खुपसलेली गाठ. "कोणी भरलीय ही?" मी सहज विचारलं. काका माझ्याकडे बघून हसायलाच लागले. "तुज्या आयशीनं, बाय. म्हनून तं तुज्याकरं आलो."

मी गिटारी बनवते हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी टीव्हीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. मग टीव्ही इतके पातळ झाले की त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. एकदा कोणीतरी मुकी गिटार घेऊन आला आणि माझी गाडी रूळ बदलून इकडे आली. आता राहायला इंद्रलोक वसाहतीत आहे, आणि तुझ्या गाळ्यापासून चार गल्ल्या सोडून माझा गाळा आहे. लोक मला लाकडाबद्दल विचारतात, साग की महोगनी वगैरे. मी काहीतरी सांगते. माझा खरा जीव आतल्या वायरींत असतो. हे तुझंच, दुसरं काय.

तुला हे समजवायला सोपं आहे, गिऱ्हाइकाला जड जातं. गिटारच्या तारेखाली लोहचुंबक, त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की कॉइलमध्ये इवलासा करंट येतो, तो अ‍ॅम्पमध्ये जाऊन आवाज होतो. पण कॉइल बिचारी भोळी. ट्यूबलाइट, पंखा, भिंतीतली वायर, सगळ्यांची घूं ती ऐकते आणि तीही अ‍ॅम्पला नेऊन सांगते. म्हणून मग शेजारी दुसरी कॉइल बसवतात, तिचा चुंबक उलटा ठेवतात, आणि दोघी अशा जोडतात की घूं एकमेकींत जिरते आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट होतो. कॉइलच्या अशा डबीला पिकअप म्हणतात, आणि दोन कॉइलींची असली की हम्बकर. तू या दोघी शेवटाला शेवट अशाच जोडल्या आहेस. हे तुला कोणी सांगितलं? जुनी कॉइल सोडवण्याआधी कागदावर उतरवून घेतलं असशील. की नुसतं बघून कळलं? काका म्हणतात, तू गिटार कधी हातातही घेतली नाहीस. तिच्या आवाजाची चौकशीही केली नाहीस, फक्त "आधी किती वेढे होते?" एवढं विचारलंस, आणि ते काकांना कसं माहीत असणार!

हे काका हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांची बायको तुमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या गेटवर मासे विकायची. तुम्ही बायका केसाएवढ्या तारेच्या कॉइली भरता हे तिनं ऐकलं, आणि नवऱ्याची बंद पडलेली गिटार तुझ्यापर्यंत आणली. तर बारावीच्या वर्षी आपल्याकडे महिनाभर सुके बोंबील होते, ते इथून आले होते! मी विचारलं तेव्हा तू "मिळाले" म्हणाली होतीस. मीही पुढे विचारलं नाही. बोंबील आवडत होते, चौकशी कशाला करा.

मला तुझा गाळा दिसतोय. खाली स्टीलच्या भांड्यांचं पॉलिश चालायचं, त्यामुळे जिन्यात कायम काळी धूळ. वर तुमचा हॉल. ओळीनं बसलेल्या नऊ-दहा बायका, पुढ्यात मशीन, आणि सगळ्यांचे ओठ हलताहेत. वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या कॉइली. काउंटर असलेली मशीनं दोनच, बाकीच्यांनी तोंडानं मोजायचं. हँडलच्या एका फेरीला बॉबिनवर पाच वेढे, वीस फेऱ्या झाल्या की शंभर वेढे, शंभर झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मोजताना कोणी कोणाशी बोलायचं नाही. पण बायकाच त्या, बोलल्याशिवाय कशा राहतील? तुम्ही आकड्यांत बोलायचात. चहावाला विचारायचा, "चाय?" एखादी वर न बघता मोठ्यानं म्हणायची, "अकरा!" आणि त्याला कळायचं की हिला हवाय. दुसरी पडक्या आवाजात "सोळा" म्हणाली की तिला नकोय. शेठनं एकदा विचारलं, उद्या रविवारी कोण येणार, तर सगळ्या हॉलमधून असे काही आकडे आले की तो निमूट खाली गेला. मी कॉलेजातून येऊन दाराशी थांबायचे आणि हा खेळ ऐकत बसायचे.

एकदा मी चूक केली. काय निमित्त होतं आठवत नाही, गॅसवाला आला होता बहुतेक. मी दारातूनच "आई!" अशी हाक मारली. तू डावा हात वर केलास, तळवा माझ्याकडे. तरी मी पुन्हा हाक मारली. तू थांबलीस, बॉबिन काढलंस, कात्रीनं तार कापलीस आणि ते अर्धं भरलेलं बॉबिन माझ्या हातात दिलंस. "हे आता भंगारात. कितीवर होते ते तुला माहितीय का? मलाही नाही." जिना उतरेपर्यंत तू बोलत होतीस. "मोजताना हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी वीस होऊ दे, मग सांग." बाकीच्या बायका हसू दाबत होत्या. मला इतकी लाज वाटली की पुढे कधी मी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. एक दिवस सोडून.

तर नात. चुणचुणीत आहे, बोटांना घट्टे पडलेत. तिनं मला आंटी म्हटलं ते मी मनावर घेतलं नाही. "आंटी, मला दोन्ही पिकअपला कॉइल स्प्लिट पाहिजे. फुल हम्बकर जाडा वाजतो ना, तो लग्नात एकदम सही आहे. पण मला स्विच मारला की पातळ, काचेसारखा साउंड पण हवाय." म्हणजे असं, आई, की दोन कॉइलींच्या मधल्या जोडाला एक तिसरी वायर लावायची आणि बाहेर एका छोट्या स्विचवर आणायची. स्विच खाली केला की एक कॉइल अर्थला जाते, गप्प होते, आणि दुसरी एकटी वाजते. आवाज पातळ होतो, मोकळा होतो, आणि घूं परत येते, कारण जिरवणारी कोणी राहत नाही. तारा जिथे टेकतात त्या पुलाजवळचा दुसरा पिकअप मी नवीन घेतला होता, त्याला चार वायरी बाहेर होत्या, ते काम अर्ध्या तासाचं. पण तुझ्या डबीतून दोनच वायरी येत होत्या. मधला जोड तू आत, पट्टीखाली, मेणाखाली गाडून टाकला होतास. तिथे पोचायचं तर तुझं सगळं उकलावं लागणार.

मी काकांना ते सरळ सांगितलं. तार केसाहून बारीक आहे, तीस वर्षांची आहे, उकलताना तुटली तर कॉइल गेली. मग नवी भरावी लागेल, आणि नवी म्हणजे नवीच. काकांनी डबी हातात फिरवली. नात म्हणाली, "राहू दे मग आजोबा, नवीन लावू दोन्ही." तेव्हा ते म्हणाले, "या कॉयलवर मी येवऱ्या हळदी वाजवल्या. तुज्या बापाची पन. ही दुसरी कुनाची न्हाय वाजत अशी." मग माझ्याकडे बघून, "उघड तू. आवाज गेला न्हाय पायजे, येवरंच. तुजी आय तं उठून गेलेली मधीच, तरी किती बेस भरली."

"उठून गेली म्हणजे?"

"ती दुसरी कॉयल भरीत व्हती. जेवनाच्या सुट्टीत. मी समोरच बसलेलो, पन्नास चिंचोके मोजून घेतलेले तिनं, पयल्या कॉयलला पन्नास, दुसरीला पन्नास. आनी तू आलीस रडत. वीस झालं न्हाय, हँडल सोरलं, उठली."

आई, तो दिवस मला स्वच्छ आठवतो, फक्त हे एवढं सोडून. बारावीच्या प्रॅक्टिकलला मी गॅल्व्हानोमीटर सरळ बॅटरीला जोडला होता. मध्ये रेझिस्टन्स नाही, काही नाही. सरांनी सगळ्यांसमोर बाहेर काढलं, म्हणाले घरून सही आण आणि मीटर भरून दे, तोवर प्रयोगशाळेत पाय ठेवायचा नाही. मी स्टेशनपासून रडत आले, जिना रडत चढले, आणि उंबरठा ओलांडून थेट आत. तू म्हणालीस, "काय झालं गं?" पहिलेच शब्द. आकडा नाही. त्यामुळे मी इतकी वर्षं असंच धरून चाललेय की तू तेव्हा मोजत नव्हतीस, जेवणाची सुट्टी होती, तू मोकळी होतीस, म्हणून मला ओरडा बसला नाही. समोर कोणी माणूस बसला होता हेही मला आठवत नाही. मी हुंदके देत सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "सुई कुठल्या बाजूला आपटली?" मी म्हटलं, मला काय माहीत! "बघितलं नाहीस? एवढा मीटर जाळलास आणि सुई कुठे गेली ते बघितलंही नाहीस?" तुला खरंच राग आला होता, पण न बघितल्याचा. मग तो मीटर तू मागवून घेतलास, उघडलास, आतली कॉइल नव्यानं भरून दिलीस. सरांनी तो तपासला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मला प्रयोगशाळेत घेतलं.

काका गेल्यावर मी डबी पुढ्यात घेऊन बसले. हेअर ड्रायरनं मेण मऊ केलं, पट्टी उलगडली. तुझा जोड सापडला, इतका लहान आणि इतका नीट की मी भिंग लावून दोनदा बघितला. तो सोडवून दोन्ही कॉइली वेगवेगळ्या मीटरवर घेतल्या. पहिली चार पूर्णांक वीस किलोओहम, दुसरी चार पूर्णांक पंधरा. एवढा फरक असतो. तार ओढून भरली की जरा बदलतो, ढिली भरली की बदलतो, त्यावरून वेढे कमी आहेत असं म्हणता येत नाही. आणि तिसरी वायर लावायला घेतली तेव्हा दुसऱ्या कॉइलची तार तुटली. मग भरण्याशिवाय इलाज नव्हता, आणि भरायची तर आधी किती वेढे होते ते बघणं आलं. तुझाच प्रश्न.

काउंटर उलटा लावून, मेण गरम करत करत, मी ती कॉइल सोडवली. तीन दिवस लागले, कारण मधूनमधून गिऱ्हाइकं येत होती, आणि मी दाराला कडी लावली तरी लोक खिडकीतून हाक मारतात. मी आकड्यांत उत्तर द्यायला लागले तर मला वेड लागलंय असं म्हणतील. एकदा काउंटर चालू ठेवून, पण त्याच्याकडे न बघता, तुझ्यासारखं तोंडानं मोजून बघितलं. तेराव्या फेरीला मला ऑनलाइन मागवलेल्या स्क्रूंची आठवण झाली आणि संपलं सगळं. तू हे दिवसभर कसं करायचीस? डोक्यात दुसरं काही यायचंच नाही, की येऊन आकड्याशेजारी बसायचं? हे कधी विचारलं नाही मी.

आकडा आला चार हजार नऊशे पस्तीस. मी फळ्यावर लिहिला. पन्नास चिंचोके म्हणजे पाच हजार. कमी पडले पासष्ट. एका फेरीला पाच वेढे, म्हणजे तेरा फेऱ्या कमी. वीसातून तेरा गेल्या, उरल्या सात. तू सातव्या फेरीला उठलीस, आई. परत येऊन बसलीस तेव्हा वीस झाल्या असं धरून चिंचोका सरकवलास आणि पुढे चालू लागलीस. हे माझं गणित, याला साक्षीदार कोणी नाही, दुसऱ्या कुठल्या दिवशीची चूकही असू शकेल. पण तू मोजण्यात चुकणाऱ्यातली नव्हतीस. आणि ती कॉइल तू भंगारात टाकली नाहीस. का? अर्धं बॉबिन माझ्या हातात देणारी तू, हिला का सोडलंस? तुला कळलंच नाही, की कळून तू म्हणालीस, जाऊ दे, वाजेल? मला पुष्कळ राग येतो तुझा, असली माहिती सोबत घेऊन गेलीस म्हणून. आणि खरं सांगू, त्या दिवशी गाळ्यात मी खूप रडले, अगदी प्रॅक्टिकलच्या दिवसासारखी, फक्त आता मला आनंद होत होता.

नवी तार भरायला घेतली तेव्हा पाच हजार करायचे की नाही हा प्रश्न पडलाच नाही. चार हजार नऊशे पस्तीसला थांबले. जोडून पहिल्यांदा लावलं तर सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज आला, नाकातून, बारीक. मी उलट्या दिशेनं भरली होती, दोघी एकमेकींचा आवाजच खात होत्या आणि घूं मात्र दणदणीत. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. टोकांची अदलाबदल केली, आवाज भरला. तिसरी वायर स्विचवर आणली, आणि स्विच खाली केला की तू भरलेली पहिली कॉइल एकटी राहील अशी बांधणी केली.

परवा काका आणि नात गिटार न्यायला आले. नात आधी वाजवायला बसली, स्विच वर-खाली करत, "हां, हाच, हाच!" करत. एकट्या कॉइलला ट्यूबलाइटची घूं येत होती, तर तिनं उठून ट्यूबलाइटच बंद केली. मग काकांनी घेतली. त्यांची बोटं आता वाकडी झालीत, सूर लावायला वेळ लागला. स्विच वर, दोन्ही कॉइली चालू. त्यांनी हळदीतलं काहीतरी वाजवलं, चार-पाच मिनिटं, डोळे मिटून. थांबले आणि म्हणाले, "तीच हाय. काय बी बदललं न्हाय." मी मान हलवली. दोनातली एक कॉइल आता माझी आहे हे त्यांना सांगायला हवं होतं. नात पैशांचं विचारत होती, काका गोणपाट घडी करत होते, आणि मी बिल लिहायला घेतलं. जाताना ते म्हणाले, "आय तुजी शानी व्हती." मी म्हटलं, हो.

हे सगळं मी त्या गिटारच्या वायरिंगच्या नकाशामागे लिहितेय, आणि तो फाइलला लागेल. काकांना वाचून दाखवावं असं दोनदा मनात आलं. दाखवणार नाही, कारण मग एक ओळ दुरुस्त करावी लागेल. वर मी लिहिलंय की तार तुटली. तुटली नव्हती, आई. जोड उघडला तेव्हा दोन्ही कॉइली धडधाकट होत्या, तिसरी वायर पाच मिनिटांत लागली असती आणि तुझं सगळं तसंच राहिलं असतं. मी मीटर बाजूला ठेवला, आणि कात्री घेऊन मीच दुसऱ्या कॉइलची तार कापली. तू माझ्यासाठी कितीवर उठलीस, ते मला बघायचं होतं.